हॉटेलांचे पांढरे टॉवेल आणि आपले पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या डिचोली तालुक्यातील एका परिचित गृहस्थांनी आपल्या जुन्या घराच्या चार खोल्या पर्यटकांसाठी सुरू केल्या आणि पंधरा दिवसांतच ते हातात एक टॉवेल घेऊन माझ्या दारी आले. टॉवेल नवा होता, पैसेही बरेच मोजलेले होते. पण त्याचा पांढरा रंग जाऊन जुन्या वर्तमानपत्रासारखी छटा आली होती आणि मधोमध दोन-तीन ठिकाणी नारिंगी ठिपके उमटले होते. मोठ्या हॉटेलांत कोणते केमिकल घालतात तेवढे सांगा, एवढीच त्यांची मागणी होती. ब्लीचचे प्रमाण त्यांनी आधी दुप्पट, मग तिप्पट केले होते आणि दर धुण्यागणिक टॉवेल अधिकच पिवळा होत गेला होता. मी बार्देशच्या किनारपट्टीवरील हॉटेलांच्या लॉन्ड्रीत सत्तावीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची अकरा पर्यवेक्षक म्हणून. हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, लहान गेस्ट हाउसच्या मालकांनी इतक्यांदा विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे आणि त्या निमित्ताने आपल्या किनाऱ्यावर जे चालले आहे त्याकडेही लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र.

प्रथम गैरसमज दूर करतो. हॉटेलांकडे कोणतेही गुप्त केमिकल नाही. सोडा, डिटर्जंट, ब्लीच आणि सौम्य आम्ल, एवढीच सामग्री असते आणि ती बाजारात कोणालाही मिळते. टॉवेल पांढरा राहतो तो निवडीमुळे, पाण्यामुळे आणि खंगाळण्यामुळे. ब्लीचचा वाटा यात आहे, परंतु लोक समजतात त्याच्या निम्माही नाही. ज्या लॉन्ड्रीत ब्लीचचा खर्च महिन्याला वाढत जातो, तिथे पाण्यात किंवा खंगाळण्यात काहीतरी बिघडले आहे, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत असे आणि आजही तसेच म्हणेन.

मुळात टॉवेल पांढराच का, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. पांढऱ्या कापडाला रंग जाण्याची भीती नसल्याने सगळे टॉवेल एकाच घाण्यात म्हणजे यंत्राच्या एकाच फेरीत, एकाच गरम पाण्यात, एकाच औषधाने धुता येतात. दहा फाटले तर नवे दहा आणून त्यांत मिसळता येतात आणि जुने-नवे वेगळे ओळखू येत नाहीत. शिवाय पांढऱ्यावर डाग लपत नाही, त्यामुळे धुणाऱ्यालाही चुकारपणा करता येत नाही. पोहण्याच्या तलावावरचे टॉवेल पुष्कळ ठिकाणी मुद्दाम निळे किंवा पट्ट्यांचे घेतात, कारण ते वाळू आणि सनस्क्रीन घेऊन येतात आणि खोलीतल्या टॉवेलांत त्यांनी मिसळू नये असे वाटते.

खरे काम निवडीच्या टेबलावर सुरू होते आणि वाचकांना त्याची कल्पना यावी म्हणून यावर जरा थांबतो. सकाळी साडेदहा-अकरापासून हाउसकीपिंगच्या ट्रॉल्या खाली येऊ लागतात. प्रत्येक टॉवेल उघडून, झटकून, दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. लिपस्टिक, काजळ, केसांचा रंग, मेंदी, रक्त, मसाल्याचे तेल, बुटावरून पुसलेली तांबडी माती यांपैकी प्रत्येकाची वाट निराळी असते. रक्ताला आधी थंड पाणी दाखवावे लागते, कारण गरम पाण्यात ते धाग्याला कायमचे धरते. हळदीचा डाग साबणाचा खार (अल्कली) लागताच तांबडा होतो आणि नवा मुलगा घाबरून ब्लीचची बरणी शोधू लागतो. तो तांबडेपणा पुढे आम्लाच्या पाण्यात उतरतो आणि उरलेला पिवळेपणा उन्हात उडून जातो. काही जंतुनाशक लोशनांत क्लोरहेक्सिडिन नावाचे द्रव्य असते. ते लागलेला टॉवेल क्लोरीनच्या ब्लीचमध्ये पडला की जो तपकिरी डाग पडतो, तो काही केल्या निघत नाही. हे सगळे यंत्राला कळत नाही, माणसाच्या डोळ्यांना आणि बोटांना कळते.

गोव्यातल्या हॉटेलांची सर्वांत मोठी डोकेदुखी मात्र सनस्क्रीनची आहे. पाहुणा समुद्रावरून येतो, अंग पुसतो, आणि टॉवेल डोळ्यांना स्वच्छच दिसतो. हात फिरवला तर मेणासारखे काहीतरी बोटांना जाणवते, एवढीच त्याची खूण. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या अनेक क्रीममध्ये अ‍ॅव्होबेन्झोन हे द्रव्य असते. पाण्यातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की गंजासारखा नारिंगी डाग पडतो आणि क्लोरीनच्या ब्लीचने तो पक्का होतो. म्हणजे धुण्याआधी न दिसणारा डाग धुतल्यावर दिसू लागतो आणि धुणाऱ्याला वाटते की ब्लीच कमी पडले. अशा टॉवेलांना आधी ब्लीचशिवाय, नुसत्या गरम पाण्यात आणि तेल कापणाऱ्या डिटर्जंटमध्ये एक धुणे द्यावे लागते. आमच्या गृहस्थांच्या टॉवेलावरचे नारिंगी ठिपके हेच होते. त्यांच्या पाहुण्यांनी दिवस मोरजीच्या किनाऱ्यावर घालवला होता आणि घरच्या विहिरीचे पाणी लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातले होते.

लोहाचा विषय निघाला आहे तर माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो, कारण मी जे काही शिकलो ते त्या दोन दिवसांत शिकलो. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळच्या आदल्या आठवड्यात, हॉटेल पूर्ण भरलेले असताना, नळाचे पाणी बंद झाले आणि टँकर मागवावे लागले. टँकरचे पाणी काचेसारखे नितळ होते. दुपारी ऐंशी बाथ टॉवेलांचा घाणा लावला, नेहमीप्रमाणे ब्लीच सोडले, आणि दार उघडले तेव्हा ऐंशीच्या ऐंशी टॉवेल फिकट चहाच्या रंगाचे झालेले होते. तेव्हाच्या आमच्या वरिष्ठांनी तोच घाणा पुन्हा लावून दुप्पट ब्लीच सोडायला सांगितले. मीही काही बोललो नाही, मला तेव्हा त्याहून वेगळे काही सुचत नव्हते. दुसऱ्या वेळी टॉवेल अधिक गडद निघाले. संध्याकाळी सात वाजता पाहुणे समुद्रावरून परतत होते आणि लिनन रूमच्या फळ्या रिकाम्या होत्या.

घडले होते ते असे. विहिरीच्या पाण्यात विरघळलेले लोह डोळ्यांना दिसत नाही. त्यावर ब्लीच पडले की त्याचा गंज होतो आणि तो गंज पाण्यात न राहता सुताच्या धाग्यांत जाऊन बसतो. अधिक ब्लीच म्हणजे अधिक गंज. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतके लोह असले, तरी लॉन्ड्रीचे जाणकार त्या पाण्याकडे संशयाने पाहतात, कारण आज न दिसणारी छटा पन्नासाव्या धुण्याला दिसू लागते. दुसऱ्या दिवशी रसायने पुरवणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी येऊन टॉवेल आधी नुसत्या पाण्यात चार वेळा खंगाळून घेतले, मग ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यात फिरवले, आणि आमच्या डोळ्यांदेखत यंत्राच्या काचेपलीकडे तो चहाचा रंग उतरत गेला. ऐंशीतले बहुतेक वाचले. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, ते हातमोज्यांशिवाय हाताळू नये आणि घरी तर आणूही नये. घरासाठी लिंबाचे सत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल बरे. ब्लीच पूर्ण निघून जाण्याआधी कोणतेही आम्ल घालू नये, हे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

त्या दिवसापासून टँकर आला की पाइप जोडण्यापूर्वी पांढऱ्या बादलीत थोडे पाणी घेऊन त्यात ब्लीचचे चार थेंब टाकायचे आणि दहा मिनिटे थांबायचे, असा मी नियम केला. पाणी पिवळसर झाले की तो टँकर बागेला किंवा पायऱ्या धुवायला जायचा. या साध्या परीक्षेला खर्च काही नाही आणि ज्यांच्या घरी विहीर आहे अशा प्रत्येकाने ती करून पाहावी.

आता प्रत्यक्ष धुण्याविषयी. हर्बर्ट झिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली असे मांडले की, कोणतीही धुलाई चार गोष्टींवर उभी असते: रसायन, उष्णता, घासणे-आपटणे आणि वेळ. यांतली एक कमी केली तर उरलेल्या तिघींपैकी कुठली तरी वाढवावी लागते. जगभरच्या लॉन्ड्रीत हे वर्तुळ आजही शिकवतात. मला ते प्रथम शिकवले गेले तेव्हा आमच्या गावच्या मडवळांची म्हणजे परटांची आठवण झाली, कारण ते हेच करीत होते. सोड्याच्या पाण्यात कपडे भिजवून ते भट्टीला लावायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी तळीवरच्या धोंडीवर आपटायचे आणि मग व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात सोडून धुवायचे. रसायन, उष्णता, आपटणे, वेळ, सगळे त्यात आले. त्याशिवाय वाहते पाणी आले, ज्याच्यामुळे निघालेला मळ पुन्हा कापडावर बसत नसे. त्यानंतर गवतावर पसरलेल्या ओल्या कापडावर ऊन पडे आणि ऊन हे स्वतःच एक ब्लीच आहे. त्यांच्या धुण्याचा पांढरेपणा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

यंत्रातही क्रम तोच. आधी एक-दोन पाणी नुसतेच फिरवून वाळू आणि सुटा मळ काढायचा. मग ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात डिटर्जंट आणि खार घालून मुख्य धुणे. त्यानंतर ब्लीच, तेही मोजून, आणि क्लोरीनचे असेल तर पाणी ६० अंशांच्या फार वर जाऊ न देता, कारण त्यापुढे ते मळाबरोबर सुतालाही खाऊ लागते. ज्या हॉटेलांना परवडते ती हायड्रोजन पेरॉक्साइडचे ब्लीच वापरतात. त्याला पाणी अधिक गरम लागते, पण ते सुताला जपते आणि मागे क्लोरीनचा वास ठेवत नाही. यंत्र कधीही गच्च भरायचे नाही. ५० किलोच्या यंत्रात ४० किलोच टाकायचे, म्हणजे टॉवेल वर जाऊन खाली आपटतो. गच्च भरले तर तो जागच्या जागी फिरत राहतो आणि आतला मळ आतच राहतो. घाईच्या दिवसांत हाच नियम सर्वांत आधी मोडला जातो.

आणि यानंतर खंगाळणे, ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे. टॉवेलाच्या कापडावर दोन्ही बाजूंना सुताचे लाखो फासे असतात. ७० सेंटिमीटर रुंद आणि १४० सेंटिमीटर लांब असा ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाच्या कापडाचा, टॉवेल कोरडा असताना अर्धा किलो भरतो आणि पाणी प्यायला की नवख्याला एका हाताने उचलवत नाही. एवढ्या फाशांतून साबण आणि खार बाहेर काढायचा तर तीन पाणी तरी लागतातच. खार मागे राहिला की ड्रायरच्या उष्णतेत टॉवेल पिवळा पडतो, खरखरीत होतो आणि पाहुण्याच्या अंगाला खाज सुटते. आम्ही पिळलेल्या टॉवेलाच्या कोपऱ्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब टाकून पाहत असू. थेंब गुलाबी झाला तर खार शिल्लक आहे आणि घाणा परत पाण्यात गेला पाहिजे. शेवटच्या पाण्यात थोडे सौम्य आम्ल घालतात ते उरलासुरला खार मारण्यासाठी. कापड मऊ करणारे द्रव्य टॉवेलाला बेताचेच द्यावे. ते जास्त झाले की टॉवेल हाताला लोण्यासारखा लागतो, पण अंगावरचे पाणी टिपत नाही.

निळीबद्दल दोन शब्द. नीळ मळ काढत नाही. पिवळ्यावर निळ्याची झाक आली की डोळ्यांना ते पांढरे भासते, एवढेच तिचे काम. हल्लीच्या पावडरींत जी चकाकी आणणारी द्रव्ये असतात, ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. दोन्हींचा उपयोग आहे, पण धुतलेल्या टॉवेलावर. नीट न धुतलेल्या टॉवेलावर त्यांचा वापर करणे ही पाहुण्याची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शुभ्र दिसणारा टॉवेल निर्जंतुक असतोच असे नाही. अमेरिकेत रुग्णालयांच्या कपड्यांसाठी ७१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान २५ मिनिटे धुण्याची शिफारस आहे, आणि ती पांढरेपणासाठी केलेली नाही.

पावसाळ्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात टॉवेल बाहेर वाळत नाही आणि अर्धवट वाळलेला टॉवेल घडी करून फळीवर ठेवला की दुसऱ्या सकाळी त्याला कुबट वास येतो. ड्रायर असला तरी विजेचे बिल वाचवायला तो पाच मिनिटे आधी बंद केला जातो आणि नेमकी तीच पाच मिनिटे टॉवेलाच्या जाड किनारीसाठी हवी असतात. मी नेहमी किनार दोन बोटांत दाबून पाहायला शिकवले. मधला भाग कधीच फसवणार नाही, किनार फसवते. उलट फार वेळ भाजलेला टॉवेलही पिवळसर आणि कडक होतो. ड्रायरमधून निघालेल्या टॉवेलांचा ढीग गरम असतानाच दाबून ठेवू नये. विशेषतः मसाजचे तेल लागलेले टॉवेल नीट न धुता वाळवले, तर आत साठलेल्या उष्णतेने ते पेट घेऊ शकतात. हे मी ऐकीव सांगत नाही, अशा ढिगातून धूर निघताना पाहिला आहे.

मोठ्या हॉटेलांना आणखी एक गोष्ट परवडते आणि लहानांना ती कळत नाही. एक संच खोलीत, एक धुण्यात आणि एक फळीवर विश्रांतीला, असे किमान तीन संच ठेवावे लागतात. चाळीस खोल्यांना प्रत्येकी दोन टॉवेल धरले तर ऐंशी नव्हे, दोनशे चाळीस टॉवेल हवेत. लहान गेस्ट हाउसवाला दीड संच घेतो. मग पाहुणा सकाळी अकराला जातो, नवा दुपारी दोनला येतो आणि त्या तीन तासांत तोच टॉवेल धुऊन, वाळवून द्यावा लागतो. निवड नाही, भिजत घालणे नाही, तीन पाणी नाहीत. उरते फक्त ब्लीच. वेळेची आणि पाण्याची कसूर अशी ब्लीचने भरून काढली जाते आणि वर्षभरात टॉवेल विरून जाळीसारखा होतो. तीन संचांचा खर्च त्यापेक्षा कमी पडतो, हे मी अनेकांना कागदावर मांडून दाखवले आहे.

संपादक महोदय, यापुढचा मुद्दा टॉवेलाच्याही पलीकडचा आहे आणि पत्र लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. हे ब्लीचचे, साबणाचे, खाराचे पाणी जाते कुठे? मोठ्या हॉटेलांत सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प असतात आणि बहुतेक ठिकाणी ते चालतातही. पण किनाऱ्यालगत वाड्या-वाड्यांतून, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दोन-तीन यंत्रे लावून पंधरा-वीस गेस्ट हाउसांचे धुणे घेणारे व्यवसाय उभे राहिले आहेत. त्यांतल्या काहींचे पाणी पाइपने थेट मागच्या व्हाळात किंवा पडीक शेतात सोडलेले मी स्वतः पाहिले आहे. एका ठिकाणी तर पूर्वी वायंगणाचे (पावसाळ्यानंतरचे) भात होत असे त्या मळ्यात पांढरा फेस साचून राहिला होता आणि बांधावरचे गवत करपले होते. साळ नदीचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आलेले आपण वाचले आहे. त्याला कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष लॉन्ड्रीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण व्हाळात जाणारा प्रत्येक पाइप शेवटी कुठल्या तरी नदीलाच मिळतो.

त्या शेडमध्ये काम करणाऱ्या मुलांची स्थिती मला अधिक अस्वस्थ करते. ती परराज्यांतून आलेली असतात. ब्लीचच्या मोठ्या कॅनवर सूचना इंग्रजीत असतात आणि त्या मुलांपैकी कित्येकांना त्या वाचता येत नाहीत. कॅनमधले ब्लीच पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलेले मी पाहिले आहे आणि शेजारीच तशाच दुसऱ्या बाटलीत पिण्याचे पाणी होते. हातमोजे नसतात. त्यांच्या बोटांच्या पेरांवरची सोललेली कातडी पाहिली की पाहुण्याच्या खोलीत हंसाच्या आकारात घडी घालून ठेवलेला तो शुभ्र टॉवेल माझ्या डोळ्यांसमोर येतो.

म्हणून शासनाकडे माझी काही मागणी आहे. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे आणि हॉटेल असो वा चार खोल्यांचे गेस्ट हाउस, पर्यटन खात्याकडे त्याची नोंदणी व्हावी लागते. नोंदणी देताना आणि तिचे नूतनीकरण करताना कपडे कुठे धुतले जातात आणि त्याचे पाणी कुठे सोडले जाते, हे दोन प्रश्न अर्जात घालावेत आणि उत्तराची प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा करावी. बाहेर धुणे देणाऱ्याने संबंधित लॉन्ड्रीला गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असल्याचा कागद जोडावा. कळंगुट, कांदोळी, हणजूण, मोरजी, कोलवा अशा जिथे लहान गेस्ट हाउसांची दाटी आहे, त्या पंचायतींच्या हद्दीत सामायिक धुलाई केंद्रे उभारण्यासाठी जागा आणि सवलतीचे कर्ज द्यावे. तिथे लोह काढणारा गाळणीसंच आणि सांडपाणी शुद्धीकरण दोन्ही असावे. एकेकट्या मालकाला जे परवडत नाही ते तीसजणांना मिळून परवडते. आपल्या गावच्या मडवळ कुटुंबांतल्या ज्या तरुणांना या व्यवसायात राहायचे आहे त्यांना अशा केंद्रांत प्रथम हक्क मिळाला, तर मला विशेष आनंद होईल. कामगारांसाठी रसायनांच्या सूचना कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये, चित्रांसह लावणे सक्तीचे करावे. यासाठी तर पैसाही फारसा लागत नाही.

पाहुण्यांचाही यात वाटा आहे. एकदा वापरलेला टॉवेल दांडीवर टांगून ठेवला तर तो पुन्हा वापरला जाईल, अशी चिठ्ठी हल्ली पुष्कळ न्हाणीघरांत असते. अमेरिकेतील काही संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पर्यावरण वाचवा असे नुसते सांगण्यापेक्षा याच हॉटेलातले बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असे सांगितले तर लोक अधिक प्रमाणात तसे करतात. आपल्या हॉटेलांनीही चिठ्ठीचा मजकूर तसा बदलून पाहावा, अर्थात आपल्याकडे ते खरे असेल तरच. बूट पुसायला आणि केसांचा रंग पुसायला खोलीत एक जुने, गडद रंगाचे फडके वेगळे ठेवले, तरी कितीतरी टॉवेल वाचतात. आम्ही बाद झालेल्या टॉवेलांच्या कडा कापून, शिवून अशी फडकी करीत असू.

आमच्या डिचोलीच्या गृहस्थांना मी ब्लीच पूर्ण बंद करायला सांगितले. विहिरीचे पाणी संध्याकाळी टाकीत उंचावरून, झाऱ्यासारखे शिंपडत सोडायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, म्हणजे हवा लागून लोह गाळ होऊन तळाशी बसते, आणि सकाळी वरचे पाणी वाळूच्या गाळणीतून घेऊन त्यातच टॉवेल धुवायचे. समुद्रावरून आलेले टॉवेल वेगळे काढायचे. तीन पाणी खंगाळायचे आणि शेवटच्या पाण्यात चमचाभर लिंबाचे सत्त्व घालायचे. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा टाकीच्या तळाशी बोटभर तांबडा गाळ साचलेला त्यांनी मला दाखवला. हा सगळा आधी माझ्या टॉवेलांत जात होता का, असे त्यांनी विचारले. जुन्या टॉवेलांतले सहा बऱ्यापैकी उजळले आहेत, चार बाद करावे लागले.

पर्यटन खात्याने किंवा कोणत्याही पंचायतीने लहान गेस्ट हाउसच्या मालकांना आणि धुणाऱ्या मुलांना हे शिकवण्याचे ठरवले, तर मी विनामूल्य यायला तयार आहे. मला एक यंत्र, एक पांढरी बादली आणि त्या गावच्या विहिरीचे पाणी द्यावे. आपल्या दैनिकातून ही गोष्ट संबंधितांपर्यंत पोहोचावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लॉन्ड्री पर्यवेक्षक,
डिचोली, गोवा.